वर्गणीची भाषा

संस्थांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत; सुवर्णमहोत्सवी आणि शताब्दी स्मरणिकांचा तर ढीगच पडला आहे. त्यांत ध्येय असते, त्याग असतो, संस्थापकांचे छायाचित्र असते. देणगीदारांची यादी मात्र शेवटच्या पानांवर बारीक टंकात जाते, आणि ती कोणी वाचत नाही. आमचे मत थोडे निराळे आहे. पैसे मागताना संस्था स्वतःविषयी काय बोलली आणि काय बोलायचे तिने टाळले, हे पाहिल्यावाचून तिचा इतिहास पुरता कळत नाही. यासाठी आम्ही हिंगण्याच्या आश्रमाचे उदाहरण घेतो. ते घेण्याचे कारण असे की, धोंडो केशव कर्व्यांइतका हिशेबाला चोख माणूस सापडणे कठीण, आणि म्हणूनच हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी तेथे अधिक ठळक दिसतात.

कर्व्यांच्या आधी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. १८८७ साली फिलाडेल्फियात 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते पुस्तक होते तसेच मदतीचे आवाहनही होते. त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत पुरवण्याचे ठरले. गावोगावी रमाबाईंच्या नावाची मंडळे निघाली. सभासदाने दरसाल थोडके काही द्यायचे, अशी ती योजना. एकदाच मोठी रक्कम घेण्यापेक्षा लहान रकमेचे दीर्घ मुदतीचे वचन घ्यावे, हे आजच्या निधिसंकलकांना नवे वाटणारे तंत्र एका मराठी विधवेने तेव्हा अमेरिकेत यशस्वी करून दाखवले होते. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

अडचण निघाली ती दुसऱ्याच ठिकाणी. अमेरिकेतले दाते ख्रिस्ती भगिनीला साहाय्य करत होते. पुण्यातले हितचिंतक धर्माच्या बाबतीत तटस्थ अशा शाळेस पाठिंबा देत होते. एकच संस्था दोन श्रोत्यांपुढे उभी होती, आणि दोघांच्या मनातले तिचे चित्र सारखे नव्हते. १८९३ साली सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले, 'केसरी'ने ते पेटते ठेवले, आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. रमाबाईंनी काही लपवले होते असे आम्हांस वाटत नाही. पण दात्यांच्या दोन मंडळ्या एकमेकींची भाषा वाचू लागल्या की काय होते, हे पुण्याने त्या वर्षी पाहिले.

त्याच वर्षी, त्याच सदनातल्या गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीशी कर्व्यांनी पुनर्विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरुडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला, आणि घरच्या माणसांनाही त्याची झळ लागली. कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोनच वर्षांत, १८९५ साली, तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. जिभेची परीक्षा पाहणारे हे नाव वाचून हसू येईल. परंतु ते नीट वाचावे. 'उत्तेजन' गेले आणि 'प्रतिबंधाचे निवारण' आले. ज्याला पुनर्विवाह करा असे सांगण्याचे धैर्य नाही, पण कोणी केलाच तर आड येऊ नये एवढे ज्याला पटते, तो गृहस्थही आता सभासद होऊ शकत होता. एका उपसर्गाच्या अंतरावर किती वर्गणीदार उभे असतात, हे कर्व्यांनी ओळखले होते.

पुढच्या वर्षी, १८९६ साली, अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली. कर्व्यांनी आपली हजार रुपयांची शिल्लक तीत घातली. अध्यक्षपदी डॉ. भांडारकर होते, शारदासदनाचा अनुभव गाठीशी असलेले तेच भांडारकर. आता नाव पाहा. संस्था मुख्यतः विधवांसाठी, पण नावात विधवा नाहीत, अनाथ बालिका आहेत. अनाथ बालिकेविषयी कोणाचे दुमत नसते. आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, विधवांना शिकवून पायावर उभे करायचे, एवढेच धोरण ठरले. आणि विवाहाच्या मंडळीच्या कामातून कर्वे स्वतः बाजूस झाले. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. ती जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावे, मग चिखल तुडवत हिंगण्यास जावे, आणि सुटी लागली की वर्गणीसाठी गावे पालथी घालावीत, असा कर्व्यांचा क्रम होता.

या धोरणास कोणी भित्रेपणा म्हणाले, कोणी व्यवहारचातुर्य. आमच्या मते दोन्ही शब्द अपुरे आहेत. आश्रमात राहणाऱ्या मुलींच्या दृष्टीने पाहिले तर, वर्गणी आटली असती तर त्यांना परत जावे लागले असते, आणि ते परतणे कोठे असे हे सांगायला नको. कर्व्यांनी एक सत्य मागे ठेवले आणि दुसरे उभे केले. मात्र या सौद्याची किंमत त्यांनी एकट्यांनी दिली नाही. संस्थापकाची पत्नी स्वतः पुनर्विवाहित. तिचा हिंगण्यातला वावर दात्यांच्या डोळ्यांवर येणार. म्हणून ज्या आश्रमासाठी घरातली पै-पै जात होती, त्याच्यापासून आनंदीबाईंना अंतर राखावे लागले.

त्यांची धाकटी पण स्वभावाने अगदी निराळी बहीण, पार्वतीबाई आठवले, हिने याच प्रश्नाची दुसरी बाजू अंगावर वागवली. पार्वतीबाई देवरुखच्या, विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी मुलगा होता. आश्रमात येऊन त्या शिकल्या, शिकवू लागल्या, आणि पुढे वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. केशवपन केलेली, विधवेच्या वेषातली बाई सभेत उभी राहून बोलते, हे दृश्यच त्या काळी नवे होते. सनातनी घरांचे दरवाजे या वेषाला उघडत. सोवळी बाई काही भलते सांगणार नाही, हा विश्वास त्यात होता. आणि समोर उभे असलेले दुःख पाहून जी कणव येते तीही होती. पुनर्विवाह त्यांनी स्वतःपुरता नाकारला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आणि वेषात विसंगती नव्हती.

पण केशवपन ही चाल अन्यायाची आहे, हे त्यांना पटत चालले होते. इथेच खरा पेच आहे. ज्या रूढीविरुद्ध आश्रम उभा, त्या रूढीची खूण हीच आश्रमाच्या वर्गणीची ओळखपत्रिका झाली होती. वेष बदलावा तर दार बंद होण्याची भीती. न बदलावा तर आपण आपल्याच अपमानावर वर्गणी गोळा करतो, ही बोच. अनेक वर्षे त्यांनी हे सहन केले आणि १९१२ साली केस वाढवण्यास सुरुवात केली. टीका झाली, जवळच्यांकडूनही झाली. (आज संस्थांच्या पत्रकांवर भुकेल्या डोळ्यांच्या मुलाचे छायाचित्र छापावे की नको, यावर चर्चासत्रे भरतात. त्या छायाचित्रातल्या मुलाला कोणी विचारत नाही. येथे छायाचित्र आणि निर्णय घेणारी व्यक्ती एकच होती.)

त्यानंतर त्या थांबल्या, असेही झाले नाही. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी धड येत नसताना, इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमासाठी पैसे मिळवण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी मोलकरणीची कामे करून त्यांनी पोट भरले. रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा विद्वत्तेची कीर्ती त्यांच्यापुढे चालत होती. पार्वतीबाईंपाशी तसे काही नव्हते. दोन वर्षांनी त्या परतल्या.

मोठ्या देणगीची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. १९१६ साली निघालेल्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. आईचे नाव विद्यापीठास लागले, आणि देणगीबरोबर अटीही आल्या. पुढे त्या अटींवरून दात्याच्या विश्वस्तांशी तंटा होऊन मदत काही काळ अडली, आणि १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईस गेली. आण्या-रुपयांच्या वर्गणीदारांनी संस्थेला कधी गाव बदलायला लावले नव्हते. त्यांनी फक्त शब्द जपून वापरायला लावले.

त्याच १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले, आणि आपल्या सत्तर रुपयांच्या पेन्शनीतले पंधरा रुपये त्यात देऊन पुन्हा पुण्यात दारोदार फिरू लागले. विद्यापीठाला लाख मिळवून देणारा माणूस जिन्याजिन्यांनी चढून किरकोळ नाणी मागत होता. त्यांना यात उतरण झाल्यासारखे वाटले नसावे. वर्गणी हा त्यांच्या लेखी पैसे मिळवण्याचा जितका, तितकाच माणसाला कामात गोवण्याचा मार्ग होता.

या तिघांनीही आपापली चरित्रे लिहिली, हे आमचे भाग्य. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ सालचे, पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' १९२८ सालची, आनंदीबाईंचे 'माझे पुराण' १९४४ सालचे. तिन्ही एकापाठोपाठ वाचावीत. 'आत्मवृत्ता'त रकमांचा हिशेब आहे. वार्षिक अहवालाचा सूर त्या गद्यात मुरलेला आहे. 'माझी कहाणी'त मागणाऱ्या बाईचे मन आहे. आणि 'माझे पुराणा'त, बोलीच्या ठसक्यात, अहवालात कधीच न आलेली बाजू येते: आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा नवऱ्याने आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांचे पुढे काय, असे त्यांना विचारणारी बायको.