बोरीबंदरची लोकल आणि आपले केडगाव



केडगावच्या फलाटावर उभे राहून पुण्याच्या दिशेला पाहा. हे रूळ यवत, उरुळी, लोणी करीत पुण्याला पोचतात, तिथून लोणावळ्याचा घाट उतरतात आणि मुंबईला एके ठिकाणी संपतात. ते ठिकाण म्हणजे बोरीबंदर. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. टर्मिनस म्हणजे शेवटचे स्टेशन, ज्याच्या पुढे रूळच नाहीत.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला तीन इंजिने. रेल्वेच्या या उद्योगात नाना शंकरशेटांसारख्या मुंबईकर पुढाऱ्यांचाही वाटा होता. स्टेशन मात्र तेव्हा अगदी साधे होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, डिसेंबर १८५८ मध्ये, पुण्यापासून दिकसळपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला आणि केडगावच्या शिवारातून गाडी धावू लागली. बोरघाटाचे काम बाकी होते. त्या कामात हजारो मजूर दगावले. १८६३ साली घाटातली वाट खुली झाली, तेव्हा कुठे देशावरचा कापूस आणि धान्य रुळांवरून थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊ लागले.

व्यापार वाढला, तसे जुने स्टेशन अपुरे पडले. १८७८ साली नव्या इमारतीचे काम सुरू झाले आणि १८८८ साली ते पुरे झाले. तिचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. पाना-फुलांचे आणि पशु-पक्ष्यांचे नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला दिले गेले. शिवाजी महाराजांचे नाव १९९६ साली मिळाले आणि २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानले.

पण मंडळी, नुसत्या घुमटाने स्टेशन चालत नाही. शेवटच्या स्टेशनात एक मोठी अडचण असते. गाडी आत आली की इंजिन पुढे अडकते. ते सोडवायचे किंवा मागच्या टोकाला दुसरे जोडायचे, मग गाडी परत निघणार. तोवर फलाट अडलेला. लांबच्या गाड्यांना हे चालून जाते. पण उपनगरांत राहणारा गिरणी कामगार आणि कारकून रोज सकाळी येणार, रोज संध्याकाळी जाणार. त्यांची गर्दी अशा कारभाराने कशी हटायची?

उत्तर सापडले ते ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्या दिवशी बोरीबंदरहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने विजेची गाडी सुटली. हिंदुस्थानातली ही पहिलीच. तिला वेगळे इंजिन नव्हते. मोटारी डब्यांच्याच पोटात आणि चालकाची खोली दोन्ही टोकांना. बैलगाडीला मागेपुढे दोन्हीकडे जू असते, तर बांधावर गाडी वळवावी लागली नसती, फक्त बैल पलीकडे नेऊन जुंपले की झाले! इथे तर बैलही हलवायचे नाहीत. मोटरमन आणि गार्ड जागा बदलतात आणि आलेली गाडी थोड्याच वेळात उलट निघते. आज या टर्मिनसात अठरा फलाट आहेत. त्यांतले सात लोकलचे, आणि दिवसभराची खरी रहदारी तिथेच दिसते.

आता जरा हिशेब करू या. बोरीबंदरला रेल्वे आली आणि पाच वर्षांत ती केडगावच्या बाजूला आली. ही दोन तोंडांची गाडी मात्र किती वर्षांनी आली? विजेची तार १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत पोचली, त्याच साली दख्खनची राणीही सुरू झाली. पण पुणे-लोणावळा लोकल धावायला १९७८ साल उजाडले. आणि पुणे-दौंड मार्गावर डेमू, म्हणजे डिझेलवरची दोन तोंडांची गाडी, आली २०१७ च्या मार्चमध्ये. म्हणजे बोरीबंदरनंतर ब्याण्णव वर्षांनी! मधल्या काळात इंजिनाच्या पॅसेंजर गाड्या होत्या, हे खरे. पण कंपनीला इकडचा माल हवा होता म्हणून रूळ लवकर आले; रोज जाऊन-येऊन राहणाऱ्या माणसाची सोय उशिरा झाली.

हा फरक लहान समजू नका. सकाळी जाऊन रात्री परतता आले, तर कारखान्यातल्या कामगाराला पुण्यात खोली घ्यावी लागत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घर सोडावे लागत नाही. गावातली शेती आणि शहरातला पगार एकाच चुलीवर शिजतात. गाडी चुकली किंवा रखडली, तर हीच घडी विस्कटते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात नकाशा लावा आणि मुलांना बोरीबंदरपासून दौंडपर्यंत स्टेशने दाखवा. शेजारी १८५३, १८५८, १९२५, १९७८ आणि २०१७ ही साले लिहा. मग प्रत्येकाने घरी विचारून यावे: आपल्याकडे रोज गाडीने कोण जाते, आणि आजोबांच्या वेळी पुण्याला जायला किती वेळ लागे? ही उत्तरे वहीत नीट उतरवून ठेवा. आपल्या गावचा रेल्वेचा इतिहास त्यातूनच लिहिता येईल.