रुआ दिरैता

मांडवीच्या धक्क्यापासून व्हिसरॉयच्या वाड्यावरून मिझेरिकॉर्दिया चर्चपर्यंत जाणारा जुन्या गोव्याचा जो राजमार्ग, त्यास पोर्तुगीज लोक रुआ दिरैता, म्हणजे सरळ रस्ता, म्हणत. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशाही अंमल उठवून शहर काबीज केल्यानंतर पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे ते मुख्य ठाणे झाले, आणि सराफ, जवाहिरे व नामांकित सावकार यांच्या पेढ्या याच रस्त्याच्या दुतर्फा थाटल्या गेल्या.

१५८३ पासून काही वर्षे आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेल्या लिन्सकोटेन या डच गृहस्थाने येथील लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी, सकाळी ७ पासून ९ पर्यंत तो चाले. सरकारमान्य दलाल गळ्यात सोन्याच्या साखळ्या, बोटांत अंगठ्या आणि अंगभर मोत्या-माणकांचे अलंकार लेवून हिंडत; विकावयाचा माल असा त्यांच्याच देहावर मिरवला जाई. अरबी घोडे, सुगंधी डिंक, औषधी व गालिचे यांच्याबरोबरच स्त्रीपुरुष गुलामही गुराढोरांप्रमाणे विकले जात. आणि कोणी मरण पावला, मग तो व्हिसरॉय का असेना, तर त्याची चीजवस्तही येथेच बोलीला निघे.

या वैभवाचा पाया मात्र शहराबाहेर होता. १५६५ मध्ये तालिकोटच्या रणांगणावर विजयनगरचा पाडाव होताच घोड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे डचांनी १६४१ मध्ये मलाक्का व १६६३ मध्ये कोची हस्तगत करून सागरी व्यापाराच्या नाड्या आवळल्या. आणि वारंवार उद्भवणाऱ्या साथींनी वस्ती उठवली. १७५९ मध्ये व्हिसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीस हलवले, १८४३ मध्ये पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला, आणि जुन्या शहरातील पडक्या इमारतींचे चिरे नव्या शहराच्या भिंतींत जाऊन बसले.

आज तेथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांमुळे बॉम जेझूस चर्च उभे आहे, व सतत राबता असल्यामुळे से कॅथेड्रलही उभे आहे. उलट १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त होऊन निर्मनुष्य झालेल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्येच कोसळले. इमारत टिकते ती चिऱ्यांच्या बळावर थोडी आणि देखभाल करणाऱ्यांच्या बळावर अधिक. चर्चला भक्त होते, तसे रुआ दिरैताला केवळ गिऱ्हाईक होते. ते दुसऱ्या बंदरांकडे वळले, तेव्हा त्या रस्त्याची डागडुजी करण्याची गरज कोणासच उरली नाही.