दिसत तर नाही ना?

पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, लंडनच्या एफ. सी. रेन या कारागिराकडे पोर्तुगालचा राजा सहावा जोआंव याच्यासाठी एक सिंहासन तयार झालं. आपला गोवा तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होता. राजाला कमी ऐकू यायचं. सिंहासनाच्या दोन्ही हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं कोरलेली होती आणि ती उघडी होती. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याने गुडघे टेकून त्या तोंडात बोलायचं. आवाज पोकळ हातांतून एका नळीत जायचा आणि ती नळी राजाच्या कानाशी यायची. बघणाऱ्याला वाटायचं, प्रजा राजापुढे झुकते आहे. राजाचं बहिरेपण त्यात झाकलं जायचं.

ऐकण्याच्या यंत्रांचा हा इतिहास मी वाचायला घेतला तो गरजेपोटी. माझं वय २८, काम पुण्यात सॉफ्टवेअरचं, घर जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचं. शाळेत असताना माझे दोन्ही कान वाहायचे. पुढे पडद्याची ऑपरेशनं झाली, कान कोरडे झाले, पण ऐकणं पूर्ण परत आलं नाही. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे निसटतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही उंच पट्टीतली व्यंजनं पुसट होतात, स्वर तेवढे उरतात. मग ‘साखर’ म्हणाले की ‘भाकर’, हे समोरच्या ताटावरून ठरवावं लागतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ताट नसतं.

ऑडिओलॉजिस्टने दोन पर्याय ठेवले. एक कानाच्या नळीत पूर्ण आत बसणारं, बाहेरून जवळपास न दिसणारं मशीन. त्याला सीआयसी म्हणतात. दुसरं कानामागे बसणारं, बारीक वायरीने आवाज कानात सोडणारं. फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा तिने किंमत विचारली नाही. तिचा प्रश्न एकच होता, “बाळा, बाहेरून दिसत तर नाही ना?” घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, धाकटी बहीण रांगेत आहे. हा प्रश्न उथळ नव्हता.

तो नवाही नव्हता. एकोणिसाव्या शतकात कर्णे केसांत, टोपीत, पंख्यात लपवले जात. अपवाद थोडे. इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो कर्णा चारचौघांत उघड वापरायची. १८३४ मध्ये तिने बहिऱ्यांना उद्देशून एक जाहीर पत्रच लिहिलं. पण बाजार तिच्या बाजूने नव्हता. यंत्र विकायचं तर ते दिसता कामा नये, हे दुकानदारांनी तेव्हाच ओळखलं होतं.

विजेवर चालणारी यंत्रं आली तीही टेबलावर ठेवण्याएवढी किंवा गळ्यात अडकवण्याएवढी. खरा बदल केला ट्रान्झिस्टरने. १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये त्याचा शोध लागला आणि १९५२ च्या शेवटी सोनोटोन कंपनीने तो वापरून ऐकण्याचं मशीन विकायला काढलं. पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला १९५४ मध्ये. म्हणजे आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये अब्जावधींनी असलेली ही वस्तू सामान्य ग्राहकाच्या हाती आधी आली ती कमी ऐकणाऱ्यांसाठी. शिवाय ऐकण्याची मशीनं बनवणाऱ्यांकडून बेल लॅब्सने पेटंटचे पैसे घेतले नाहीत. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने बधिरांसाठी केलेल्या कामाची ती आठवण होती.

त्यानंतर मशीन झपाट्याने आटलं. खिशातून चष्म्याच्या काडीत, काडीतून कानामागे. इथपर्यंत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: मशीन लपत गेलं तसं ते सुधारतही गेलं. खिशातल्या मशीनचा माइक छातीवर असतो, त्यामुळे सदऱ्याचं कापड घासलं की कानात खरखर होते, आणि आवाज कुठून आला हे नीट कळत नाही. माइक कानापाशी आला आणि दोन्ही त्रास कमी झाले. लपणं आणि ऐकणं एकाच दिशेने चाललं होतं.

मग १९८३ साल आलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन कानाच्या आत बसणारं छोटं मशीन घालून लोकांसमोर आले. सिनेमात काम करत असताना कानाशेजारी पिस्तुलाचा बार निघाला, तेव्हापासून त्यांना कमी ऐकू यायचं. त्यानंतर तिकडे अशा मशीनची मागणी वाढली. गंमत अशी, की राष्ट्राध्यक्षाने मशीन घातल्याचं जाहीर केलं, आणि लोकांनी उचललं ते न दिसणारं मॉडेल. १९९० च्या दशकात सीआयसी आलं आणि १९९६ च्या सुमारास डिजिटल चिपही.

त्याच १९८३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत, वांद्र्याला, अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्था सुरू झाली. अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्याआधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथली मुलं शिकायला त्याच विद्यापीठात जात. केंद्र सरकारची, अपंगांना साधनं देणारी एडिप योजना १९८१ ची. अशा योजनांच्या शिबिरांतून खेड्यापाड्यांत पोचलं ते बहुतेक पॉकेट मशीन: सदऱ्याच्या खिशात डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर, आत साधा पेन्सिल सेल. टिकाऊ, स्वस्त, म्हाताऱ्या बोटांना जमणारं. पण ती वायर लांबून दिसायची. आमच्याकडे बहिऱ्याचं सोंग म्हणजे वगात हमखास हशा. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. मशीन परवडत असूनही ते कपाटात ठेवणारे यात किती, हे जनगणना विचारत नाही.

आता सीआयसीची बाजू. ती कमजोर नाही. माइक नळीच्या तोंडाशी असल्याने कानाच्या पाळीचा नैसर्गिक आकार कामी येतो, आवाजाची दिशा बरी कळते. वारा कमी घोंगावतो. पडद्याच्या जवळ असल्यामुळे आवाज कमी वाढवूनही भागतं. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो. हेल्मेट, चष्मा, मास्क यांच्यात काही अडकत नाही. करोनाच्या दिवसांत मास्क काढताना कानामागची मशीनं कितीतरी जणांची पडली. आणि मुलाखतीला बसताना समोरच्याची नजर कानावर जात नाही, हा फायदाही खराच आहे.

पण इथे, कानाच्या नळीत, लपणं आणि ऐकणं यांची वाट वेगळी होते. गोंगाटातून समोरच्याचं बोलणं वेगळं काढायचं तर दोन माइक लागतात. त्यांच्यात साधारण सेंटिमीटरभर अंतर असेल तर आवाज दोघांकडे सुमारे ३० मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचतो आणि त्यावरून चिप पुढचं-मागचं ठरवते. सीआयसीत तेवढी जागाच नसते. त्यात बसणारी दहा नंबरची बॅटरी जेमतेम ५.८ मिलिमीटर व्यासाची, तुरीच्या दाण्याएवढी. ती आठवडाभरही पुरेल असं नाही. घनसावंगीत मेडिकलवर विचारलं तर जालन्याहून मागवावी लागेल म्हणाले. माइक आणि स्पीकर जवळ असल्याने आवाज वाढवला की शिट्टी वाजते, म्हणून खूप कमी ऐकणाऱ्यांना ते चालत नाही. ब्लूटूथच्या अँटेनालाही जागा नाही. नळी बंद झाल्यामुळे स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमू शकतो. कानातला मळ आणि घाम थेट स्पीकरवर येतो. आणि माझ्यापुरता सगळ्यात मोठा मुद्दा: पूर्वी वाहिलेला कान बूच लावून दिवसभर बंद ठेवणं बरं नाही. मराठवाड्यात कान वाहणारी पोरं प्रत्येक वर्गात असायची. त्यांतल्या कुणाला पुढे मशीन लागलं तर त्यांनाही हेच सांगितलं जाईल.

आईचं म्हणणं यावर सरळ होतं: “आधी लग्न होऊ दे, मग घाल मागचं.” मी तिला एवढंच सांगितलं की सीआयसी रोज रात्री काढून डबीत ठेवावं लागतं. लपवलेली गोष्ट लग्नाच्या पहिल्याच रात्री उशाशी येणार, आणि ती मुलगी आयुष्यभर विचारणार की अजून काय लपवलं. आई गप्प झाली. पटलं म्हणून की दुखलं म्हणून, सांगता येत नाही.

मी कानामागचं घेतलं. गर्दीच्या हॉटेलात आणि ऑफिसच्या कॉलवर ते चाचणीचे दिवस घालून बघितलं, तेव्हाच पैसे दिले. तुम्ही किंवा घरातलं कुणी मशीन घेणार असाल तर शांत केबिनमध्ये ऐकून ठरवू नका. तिथे सगळीच मशीनं चांगली वाटतात. कान कोरडा असेल, नुकसान मध्यम असेल, बोटं चपळ असतील आणि काम शांत जागेत असेल तर सीआयसी जरूर बघा. न दिसण्यासाठी ते घेतलंत तरी कुणाला उत्तर देऊ नका. कपाटात पडलेल्या मोठ्या मशीनपेक्षा रोज कानात असलेलं छोटं मशीन केव्हाही चांगलं.

आपल्याकडे भिकबाळी मिरवायला कानाच्या वरच्या पाळीत घालतात. आता माझ्या वयाची पोरं दोन्ही कानांत पांढरे इअरबड्स घालून फिरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रोला ऐकण्याचं मशीन म्हणून वापरता येईल अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. त्यामुळे कानातली वस्तू दिसण्याची लाज कमी होईलही. ऐकू न येण्याची लाज कमी होईल का, हा प्रश्न वेगळा.

माझ्या बायोडाटात उंची आणि शिक्षणाच्या खाली आता एक ओळ आहे: ‘दोन्ही कानांना मशीन वापरतो.’ ती टाकल्यापासून दोन स्थळांनी परत फोन केला नाही. तिसऱ्या घरच्या काकूंनी आईला विचारलं, आमच्या सासऱ्यांनाही कमी ऐकू येतं, हे कुठून घेतलं? आईने माझा नंबर दिला.