कंदिलाची कांच

पुलगांवाहून आर्वीकडे जाणारी अरुंद मापाची आगगाडी 1917 सालीं सुरू झाली. त्या मार्गावरील रोहण्यासारख्या गांवांत तेव्हां वीज नव्हती. स्टेशनांत काय किंवा घरांत काय, दिवस मावळला कीं सारी भिस्त कंदिलावर. आणि कंदिलाची भिस्त त्याच्या कांचेवर. तापलेल्या कांचेवर पावसाचा एक थेंब उडाला, तरी ती तडकून दिवा मालवावयाचा. घटना क्षुल्लक खरी. परंतु तिच्या पोटांत एका उद्योगाचा इतिहास आहे.

कांच फुटते ती केवळ उष्णतेनें नव्हे, तर उष्णतेच्या विषमतेनें. तापलेला भाग प्रसरण पावतो. थेंब पडलेला भाग आकुंचन पावूं लागतो. धातूप्रमाणें कांच किंचित् वांकून हा ताण सोसूं शकत नाहीं, आणि तिच्यांतून उष्णतेचें वहनहि मंद होतें. मग तो ताण चिरेच्या रूपानें बाहेर पडतो. कुंभाराचें मडकें मात्र चुलीवर टिकतें. कारण त्याच्या अंगीं सूक्ष्म छिद्रें असतात व निघालेली चीर बहुधा त्यांपाशींच अडते. कांच निश्छिद्र असते. हेंच तिचें वैभव आणि हेंच तिचें वैगुण्य.

तरीहि कांचेचा जन्म मातीच्याच कुशींत होतो. वाळू, सोडा व चुना यांचें मिश्रण सुमारें 1400 ते 1500 अंश उष्णतेंत वितळतें, आणि तें पोटांत धरणारी मूस अग्निरोधक मातीची लागते. घडविलेली वस्तु पुन्हां विशिष्ट भट्टींत सावकाश निववावी लागते. ती घाईनें निवाली तर आंतील ताण तसाच राहतो व वस्तु पुढें केव्हां तरी फुटते. मूस कशी करावी, भट्टी किती तापवावी, माल किती वेळानें बाहेर काढावा, हें ज्ञान केवळ स्वदेशीच्या उत्साहानें मिळणारें नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील अनेक कांच कारखाने कुशल हातांच्या अभावीं बुडाले, आणि दिव्यांच्या चिमण्या ऑस्ट्रिया व जर्मनींतून येत राहिल्या.

अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. या फंडांतून 1908 सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याची प्रारंभींची धुरा वाहिली. कारखान्याचें खरें महत्त्व मालापेक्षां शिक्षणांत होतें: तेथें तयार झालेले कारागीर देशांतील निरनिराळ्या भट्ट्यांवर गेले.

आठ वर्षांनीं, 1916 सालीं, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं आपला कारखाना काढला. महायुद्धानें परदेशी माल अडला होता. युद्ध संपतांच जपानी मालाशीं स्पर्धा आली. तींतून तगून या कारखान्यानें ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोंचविला. कारखान्याभोंवतीं वसलेलें गांव ओगलेवाडी म्हणून ओळखलें जाऊं लागलें.

थेंबाचा प्रश्न मात्र रसायनशास्त्रानें सोडविला. जर्मनींतील येना येथें 1884 सालीं कारखाना स्थापन करणारे ऑटो शॉट यांनीं कांचेंत बोरॉन मिसळून तिचें प्रसरण कमी केलें. पुढें अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें आगगाडीच्या कंदिलासाठींच असली कांच बनविली, आणि तिच्यांतूनच 1915 मध्यें स्वयंपाकाचीं भांडीं निघालीं. या कांचेचें प्रसरण साध्या कांचेच्या सुमारें एकतृतीयांश असतें.

तेथेंच 1953 सालीं डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी चुकून 600 ऐवजीं 900 अंशांपर्यंत तापली. आंतील कांच पांढरी, अपारदर्शक झाली. चिमट्यांतून निसटून जमिनीवर पडली, आणि फुटली नाहीं! अतिउष्णतेनें तिच्या अंगांत सूक्ष्म स्फटिक दाटले होते. हाच कांच आणि कुंभारकाम यांचा संगम. अशा कांही पदार्थांत स्फटिकांचें आकुंचन व उरल्या कांचेचें प्रसरण एकमेकांस तोलतें. म्हणून तापलेल्या शेगडीच्या कांचेवर गार पाणी सांडलें तरी ती अभंग राहते. मडक्यानें छिद्रांच्या बळावर जें साधलें होतें, तें निश्छिद्र पदार्थास साधावयाला मनुष्याला हजारों वर्षें लागलीं.