चिनी मातीची टोपी आणि दाताची पकड

झिजलेल्या वा फुटलेल्या दातावर दंतवैद्य चिनी मातीची जी टोपी बसवितात, तीस आपण ‘कॅप’ म्हणतो. ती निखळली, की ‘सिमेंट कच्चे होते’ असा निवाडा घरोघर होतो. परंतु इतिहास पाहू जाता सारा दोष सिमेंटाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी चार्ल्स लँड ह्या दंतवैद्याने १८८० नंतरच्या दशकात ही टोपी प्रचारात आणिली. त्या काळचे सिमेंट जस्ताचे भस्म व फॉस्फरिक आम्ल ह्यांचे असे. ते दातास चिकटत नाही. बारीक खाचाखोचांत घट्ट होऊन टोपीस सरकू देत नाही, इतकेच. म्हणून सारी भिस्त घासलेल्या दाताच्या आकारावर! आमच्या दोंडाईच्यास ज्यांनी जात्याचा खुंटा ठोकला आहे, त्यांस हे सहज पटेल. खुंटा आखूड व फार निमुळता असला, तर थोड्याच दळणात तो सैल होतो. डेन्मार्कच्या यर्गेन्सन ह्यांनी १९५५ साली प्रयोगाने दाखविले, की दाताच्या बाजूंचा उतार वाढला म्हणजे टोपीची पकड झपाट्याने घटते.

त्याच वर्षी अमेरिकेत ब्युओनोकोर ह्यांनी दाताचे कवच आम्लाने खरखरीत केल्यास कृत्रिम राळ त्यास धरून राहते, हे प्रसिद्ध केले. १९७२ साली इंग्लंडात विल्सन व केंट ह्यांनी दातास स्वतः चिकटणारे, काचेच्या भुकटीचे सिमेंट जाहीर केले. पुढे काचयुक्त टोपीची आतील बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करू लागले. आजच्या झिर्कोनियाच्या टोपीत काच नसल्यामुळे तो उपाय तेथे लागू पडत नाही. तिच्यावर बारीक कणांचा मारा करून फॉस्फेटयुक्त राळ योजावी लागते. चिकटविताना लाळेचा स्पर्श झाला, तर मात्र उत्तम राळेचाही जोर कमी होतो.

मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले. आज धुळ्यासही दंतमहाविद्यालय आहे. तेव्हा खानदेशातील कुटुंबांस ही विद्या आता दूरची राहिली नाही. घासलेला दात पुन्हा वाढत नाही, हे ध्यानी धरून दंतवैद्यास आधीच विचारावे : दाताचा खुंट पुरेसा उंच राहील काय? टोपी कशाची, व तीस साजेसे सिमेंट कोणते? आणि टोपी निघालीच, तर बाजारचा गोंद न लाविता ती जपून ठेवावी व सत्वर दंतवैद्याकडे न्यावी.