शिंगांचा हिशेब : उत्तरेकडचे हरीण मोठे का होते?

आज एका हरणाचा इतिहास सांगायचा आहे. हे हरीण आपल्याकडे नाही. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेपर्यंत ते आढळते. पळताना शेपटी वर करते आणि शेपटीखालचा पांढरा भाग निशाणासारखा चमकतो, म्हणून त्याला 'व्हाइटटेल' म्हणतात, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. अमेरिकेत सर्वांत जास्त शिकार होणारा मोठा प्राणी हाच. तिथल्या खेड्यापाड्यांत नोव्हेंबर आला की शेतकरी, सुतार, शिक्षक, ट्रक ड्रायव्हर सगळे बंदूक घेऊन रानात जातात आणि परत आल्यावर दोनच प्रश्न विचारले जातात : वजन किती भरले? शिंगे केवढी?

प्रश्न साधे आहेत. पण त्यांची उत्तरे शोधताना लोकांनी शंभर वर्षे वाद घातले, कायदे केले, मोडले, आणि या भानगडीत लाखो हरणे उपाशी मेली. म्हणून हा विषय फक्त शिकाऱ्यांचा नाही.

शिंग आणि शिंग यांतला फरक

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. पण गाय, म्हैस, काळवीट यांची शिंगे वेगळी. आत हाडाचा खुंट, बाहेर नखासारख्या पदार्थाचे पोकळ कवच, आणि ती जन्मभर टिकतात. सांबर, चितळ, बारशिंगा यांची शिंगे भरीव असतात. ती निव्वळ हाडाची असतात आणि ठरावीक काळाने गळून पडतात. जुन्या घरांत सहाणेवर उगाळायला साबरशिंग असायचे, ते याच जातीचे. तो तुकडा ज्यांनी हातात धरला असेल, त्यांना हाडाचा तो जडपणा आठवेल.

व्हाइटटेलची शिंगे अशीच भरीव. नराला वसंतात कोंब फुटतो. त्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्या असतात, हात लावला तर ती गरम लागते. उन्हाळाभर शिंग वाढते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारे हाड क्वचितच दुसरे सापडेल. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात मखमल वाळते, नर ती झाडावर घासून काढतो. नोव्हेंबरात माजाचा काळ, त्यात शिंगांच्या झुंजी, आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये शिंगे गळून पडतात. काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कान्हा, नागरहोळे किंवा बंदिपूरला गेलेल्यांनी पाहिले असेल की चितळांच्या एकाच कळपात एखाद्या नराची शिंगे पक्की असतात, तर दुसऱ्याची अजून मखमलीत. आपल्याकडे हिवाळा जीवघेणा नसतो, त्यामुळे वेळापत्रकही सैल असते. उत्तर अमेरिकेत ती सवलत नाही. पाडस मे-जूनमध्येच जन्मायला हवे, तरच बर्फ पडण्यापूर्वी त्याच्या अंगावर मांस चढते. उशिरा जन्मलेले पाडस पहिला हिवाळा क्वचित काढते. म्हणून तिथे सगळे चक्र दिवसाच्या लांबीला घट्ट बांधलेले आहे. ब्राउन विद्यापीठाच्या रिचर्ड गॉस यांनी सिका जातीच्या हरणांवर कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले. 'वर्ष' लवकर लवकर फिरवले, तर हरणे एका खऱ्या वर्षात एकापेक्षा जास्त वेळा शिंगे टाकून नवी उगवतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे हरणाचे घड्याळ सूर्याच्या उजेडावर चालते.

थंडीचा सिद्धांत

आता आकाराकडे वळू. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर या हरणाची एक छोटी उपजात राहते, 'की डिअर'. तिचा पूर्ण वाढलेला नर साधारण २५ ते ३५ किलोचा. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन किंवा कॅनडातला नर १०० किलोच्या वर सहज जातो आणि काही त्याच्या बरेच पुढे. १९२६ साली मिनेसोटात मारलेल्या एका नराचे आतडी काढल्यानंतरचे वजन ४०२ पौंड, म्हणजे सुमारे १८२ किलो नोंदले गेले. प्राणी एकच, जात एकच, आणि फरक पाच पटींचा.

याचे पहिले शास्त्रीय स्पष्टीकरण जर्मनीतून आले. १८४७ साली कार्ल बर्गमन यांनी मांडले की थंड प्रदेशातले प्राणी आकाराने मोठे असतात. कारण मोठ्या शरीराला वजनाच्या मानाने कातडी कमी असते, त्यामुळे उष्णता कमी निसटते. मोठे भांडे उशिरा निवते, हा स्वयंपाकघरातला अनुभव. हरणांना हा नियम छान लागू पडतो असे वाटले आणि पाठ्यपुस्तकांत तो पक्का बसला.

१९८७ साली कॅलगरी विद्यापीठाचे व्हॅलेरियस गाइस्ट यांनी त्यावर सरळ हल्ला केला. त्यांचे म्हणणे असे : उत्तरेकडे जाताना हरणे मोठी होतात हे खरे, पण ठरावीक अक्षांशापर्यंतच. त्यापुढे थंडी वाढत जाते आणि प्राणी मात्र पुन्हा लहान होत जातात. थंडी हेच कारण असते तर असे झाले नसते. खरे कारण अन्न. उत्तरेच्या छोट्या उन्हाळ्यात एकदम कोवळा, पौष्टिक चारा फुटतो आणि तो खाणारी तोंडे कमी असतात, कारण हिवाळ्याने त्यांची संख्या आधीच कापलेली असते. म्हणून वाचलेल्याच्या वाट्याला भरपूर येते. या मताला विरोधही झाला, पण वादाचा रोख थंडीवरून ताटाकडे वळला. आणि शिकारीच्या इतिहासात हे ताट आधीच मध्यभागी आलेले होते.

संपत आलेले हरीण, आणि मग फार झालेले

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत ही हरणे अडीच ते साडेतीन कोटींच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. अठराव्या शतकात चार्ल्सटन आणि सव्हाना या बंदरांतून हरणाची कातडी जहाजे भरभरून इंग्लंडला जात होती. चेरोकी आणि क्रीक लोक कातड्याच्या बदल्यात बंदुका, कापड, दारू घेत. पुढे रेल्वे आली, मांसाचा बाजार वाढला, जंगल शेतीखाली गेले. १९०० च्या सुमारास संपूर्ण देशात जेमतेम पाच लाख किंवा त्याहूनही कमी हरणे उरली होती. त्याच वर्षी आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी आणलेला कायदा मंजूर झाला. एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात विकायला नेणे गुन्हा ठरले आणि मांसाच्या व्यापाराचा कणा मोडला.

त्यापाठोपाठ अनेक राज्यांनी एक साधा नियम केला : फक्त शिंगवाला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. विस्कॉन्सिनने हा नियम १९१५ पासून लावला. हेतू चांगला होता आणि परिणामही झाला. माद्या वाचल्या, पाडसे वाढली. तोडलेल्या जंगलात नवी झुडपे उगवली, म्हणजे चारा आयता मिळाला. लांडगे मारायला सरकार बक्षीस देत होते. दोन पिढ्यांत लोकांच्या मनात हा नियम धर्माज्ञेसारखा रुजला. मादी मारणारा माणूस म्हणजे पापी.

पण हिवाळा नियम वाचत नाही. खोल बर्फात हरणे देवदारासारख्या दाट झाडांच्या दलदलीत गोळा होतात. तिथे सीडरची पाने हाच मुख्य आधार. तोंड पोचेल तिथपर्यंतची पाने संपली की मोठी हरणे मागच्या पायांवर उभी राहून वरची पाने खातात, पाडसांना ती मिळत नाहीत. १९३० नंतर मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या उत्तरेत बर्फ वितळल्यावर पाडसांची कलेवरे सापडू लागली. वाचलेली हरणे लहानखुरी होती, शिंगेही बारीक.

१९४३ चे वादळ

इथे आल्डो लिओपोल्ड येतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक, त्या विषयाचे पाठ्यपुस्तक १९३३ साली लिहिणारे. तरुणपणी वनखात्यात असताना त्यांनी स्वतः लांडगे मारले होते, लांडगे कमी तर हरणे जास्त या हिशेबाने. आता उपाशी हरणे आणि ओरबाडलेले जंगल पाहून त्यांनी जाहीरपणे सांगितले की माद्याही मारल्या पाहिजेत. १९४३ साली राज्याने चार दिवस नरांसाठी आणि चार दिवस बिनशिंगांच्या हरणांसाठी अशी शिकार खुली केली. सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार हरणे मारली गेली.

लोक खवळले. 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव पडले. हरणे वाचवा म्हणून एक वर्तमानपत्रच निघाले आणि त्यात लिओपोल्डांवर सतत टीका झाली. पुढच्या वर्षी राज्य पुन्हा नरांच्या शिकारीवर परतले. १९४८ साली शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना लिओपोल्ड वारले, तोवर वाद मिटलेला नव्हता.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्या वाडवडिलांनी हरीण जवळजवळ नाहीसे झालेले पाहिले होते. मादी वाचवून ते परत आणले, हा त्यांच्या अभिमानाचा भाग. तोच उपाय आता अपाय करतो आहे हे कुणाला सहज पटेल?

शिंग काय सांगते

पटवायला पुरावा लागतो आणि तो शिंगांतच होता. न्यूयॉर्क राज्याच्या खात्यातले सेव्हरिंगहाउस शिकाऱ्यांनी आणलेली हरणे तपासत. दातांची वाढ आणि झीज पाहून वय कसे ओळखायचे, ही पद्धत त्यांनी १९४९ साली मांडली. वय कळल्यावर खरी तुलना शक्य झाली. दीड वर्षाचे हरीण आणि दीड वर्षाचे हरीण शेजारी ठेवले, तर ॲडिरोंडॅक डोंगरातले बारीक शिंगांचे आणि पश्चिमेच्या शेतीपट्ट्यातले जाड शिंगांचे निघाले. राज्य एकच. फरक मातीचा आणि चाऱ्याचा.

कारणही सरळ आहे. हरणाचे शरीर आधी सांगाडा आणि मांस भरते, उरले तर शिंगांना देते. पहिल्या शिंगांच्या बुंध्याची जाडी मोजली की त्या जंगलात खायला पुरते की नाही, हे कळते. नर पाच ते सात वर्षांचा होईपर्यंत शिंगे वाढत जातात. पण जिथे शिकारीचा जोर मोठा, तिथे बहुतेक नर दीड वर्षाचेच मारले जात. मग शिकारी म्हणायचे, 'आमच्याकडचे रक्तच हलके.'

या 'रक्ता'ची परीक्षा साउथ डकोटात झाली. ब्लॅक हिल्स डोंगरातली हरणे लहान, राज्याच्या पूर्वेकडच्या शेतीपट्ट्यातली मोठी. संशोधकांनी दोन्हीकडची हरणे एकाच ठिकाणी एकाच उत्तम खुराकावर वाढवली. पहिल्या पिढीत डोंगराकडचे नर लहानच राहिले, शिंगेही लहान. इथे थांबले असते तर सगळ्यांनी मान डोलावून 'रक्त' म्हटले असते. पण प्रयोग पुढे चालू राहिला. त्याच खुराकावर वाढलेल्या मातांच्या पोटी आलेली दुसरी पिढी पूर्वेकडच्या हरणांच्या बरोबरीला आली. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नराच्या डोक्यावरचे शिंग अंशतः त्याच्या आईने गरोदरपणी काय खाल्ले ते दाखवते. एका पिढीची उपासमार पुढच्या पिढीच्या हाडांत उतरते आणि ती भरून निघायलाही एक पिढी जाते.

इंचांचा मोह

दुसरीकडे मोजमापाची वेगळीच परंपरा वाढत होती. भारतातल्या इंग्रज शिकाऱ्यांची शिंगे लंडनच्या रोलंड वॉर्डच्या नोंदवहीत जात. अमेरिकेत हे काम थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने हाती घेतले. क्लबची आजची गुणपद्धत १९५० ची. मुख्य दांडा, प्रत्येक टोक, घेर, दोन दांड्यांमधले अंतर, सगळे इंचांत मोजून बेरीज करायची आणि डाव्या-उजव्यातला फरक वजा करायचा.

जेम्स जॉर्डन या विस्कॉन्सिनच्या माणसाने १९१४ साली डॅनबरीजवळ एक नर मारला आणि डोके भुसा भरून घ्यायला एका कारागिराकडे दिले. कारागीर गाव सोडून गेला, डोकेही गेले. अर्ध्या शतकाच्या आसपास ते जुन्या वस्तूंच्या विक्रीत तीन डॉलरना विकले गेले. मोजल्यावर २०६ १/८ भरले, जागतिक विक्रम. तो जॉर्डनच्या नावावर १९७८ च्या अखेरीस लागला, त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी. १९९३ साली कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये मायलो हॅन्सन यांच्या २१३ ५/८ च्या हरणाने तो मोडला. आणि वेड्यावाकड्या शिंगांच्या गटातला विक्रम, ३३३ ७/८, १९८१ साली मिसुरीत मेलेल्या अवस्थेत सापडलेल्या नराचा आहे. त्याला कुणी शिकाऱ्याने मारलेच नव्हते.

इंचांना किंमत आली तशी हरणांची कुंपणातली पैदास सुरू झाली. मोठ्या शिंगांचे नर ट्रकमधून राज्याराज्यांत फिरू लागले. १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेला मेंदूचा एक असाध्य रोग २००२ साली विस्कॉन्सिनच्या रानात सापडला. तो तिथे नेमका कसा पोचला हा वाद आहे. पण बंदिस्त हरणांची वाहतूक हा त्याच्या प्रसाराचा एक मार्ग आहे, हे सर्वमान्य आहे. या रोगावर औषध नाही, आणि रोगी नर मोठ्या शिंगांच्या वयाला पोचण्याआधीच मरण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, तेव्हा हा सगळा इतिहास आपल्याला परका वाटू शकतो. पण अभयारण्यात चितळांचा मोठा कळप दिसला की 'जंगल छान आहे' असे आपणही पटकन म्हणतो. विस्कॉन्सिनचे लोक १९४३ साली हेच म्हणत होते. पुढच्या वेळी कळप मोजून झाला की थोडे खाली पाहा : झुडपांना तोंड पोचेल तिथवर पाने शिल्लक आहेत का? उत्तर तिथे मिळेल.