लिऑन ब्रिजेसचा पहिला अल्बम: श्रोत्यांची मतं पुरावा म्हणून कशी वाचायची?

संशोधनाचा विषय शोधताना 'लोकांची मतं' हा डेटा फार सोपा वाटतो. मतं गोळा करायची, चांगली किती, वाईट किती ते मोजायचं, तक्ता तयार. सिनॉप्सिसमधला 'पद्धती'चा रकानाही भरून होतो. पण एखादं मत नेमकं काय मोजतं, हा प्रश्न तसाच राहून जातो. आज हा प्रश्न आपण एका अल्बमवर तपासून बघू. अल्बम अमेरिकेतला आहे आणि त्यावरच्या मतांचा इतिहास साठेक वर्षं मागे जातो. तुम्हाला संगीतातलं फार कळत नसलं तरी काही अडत नाही.

अल्बमचं नाव 'कमिंग होम', गायक लिऑन ब्रिजेस. जून २०१५ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सनं तो बाजारात आणला. एकूण दहा गाणी. ब्रिजेसचा जन्म १९८९ चा, तो वाढला टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ शहरात. तिथे तो एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा आणि छोट्या मंचांवर गिटार घेऊन गायचा. 'व्हाइट डेनिम' या बँडमधल्या ऑस्टिन जेंकिन्स आणि जोशुआ ब्लॉक यांनी त्याच्याबरोबर काम सुरू केलं. जुन्या काळातली ध्वनिमुद्रणाची यंत्रं जमवली आणि फोर्ट वर्थमध्येच ही गाणी मुद्रित केली. ऐकताना वाटावं की रेकॉर्ड साठच्या दशकातली आहे. ब्रिजेसचे कपडेसुद्धा त्याच काळातले.

अशा संगीताला 'रेट्रो-सोल' म्हणतात. मूळ सोल संगीत घडलं ते १९५० आणि ६० च्या दशकांत. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि त्यांच्याच वस्त्यांमधलं रिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून. पुढे २००० नंतर ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीनं शॅरन जोन्सच्या आवाजात तो जुना बाज पुन्हा उभा केला. एमी वाइनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक' (२००६) मधल्या बऱ्याच गाण्यांत शॅरन जोन्सचेच वादक वाजवत होते. म्हणजे ब्रिजेस आला तेव्हा वाट तयार होती.

एकच निरीक्षण, दोन निवाडे

'कमिंग होम' पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकावर पोचला. त्यावरच्या मतांचे मात्र सरळ दोन गट पडले. एक गट म्हणाला, 'हा तर सॅम कूकच परत आला!' दुसरा म्हणाला, 'हा तर नुसता सॅम कूकच आहे.'

आता नीट बघा. दोघांनी ऐकलं तेच. मऊ, मोकळा आवाज, मागे साथीला कोरस, मध्येच सॅक्सोफोन. निरीक्षणाबद्दल वाद नाहीच, वाद निवाड्याबद्दल आहे. तुम्ही नुसते तारे मोजले तर पहिल्याला पाच मिळतील, दुसऱ्याला दोन, आणि सरासरी येईल साडेतीन. हे साडेतीन कुणाचंच मत नाही. तसं ऐकलेला एकही श्रोता तुम्हाला सापडणार नाही.

म्हणून पहिली शिस्त ही, की प्रत्येक मतातलं निरीक्षण आणि निवाडा वेगळे लिहायचे.

श्रोत्याचं 'ब्लँक' शोधा

ज्यांनी स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरलाय त्यांना ब्लँक माहीत आहे. नमुना ठेवण्याआधी नुसतं द्रावक ठेवून शून्य सेट करतो. ब्लँक कशाचं घेतलं हे वहीत लिहिलं नसेल, तर पुढच्या आकड्याला अर्थ नाही. मतांचंही तसंच आहे. श्रोता शून्यापासून ऐकत नाही, आधी ऐकलेल्या कशापासून तरी ऐकतो.

मग 'सॅम कूक' हे ब्लँक तरी एकच आहे का? तेही नाही. कूकची स्टुडिओतली बहुतेक गाणी गुळगुळीत, सगळ्यांना चालतील अशी. पण जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये, कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर, तो घसा फोडून गायला. ते मुद्रण कंपनीनं बाजूला ठेवलं. तो खरखरीत आवाज त्याच्या लोकप्रिय प्रतिमेला धक्का देईल असं त्यांना वाटलं. बाहेर आलं ते थेट १९८५ मध्ये. कूक जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, १९६४ मध्येच तो गोळी लागून मेला होता.

म्हणजे 'ब्रिजेस अगदी कूकसारखा' म्हणणाऱ्याच्या कानात स्टुडिओतला कूक असू शकतो, आणि 'ब्रिजेसमध्ये कूकची आग नाही' म्हणणाऱ्याच्या कानात मायामीतला. नाव एक, ब्लँक दोन. तक्त्यात मात्र दोघंही 'कूकशी तुलना' या एकाच खान्यात जाऊन बसतात.

मत लिहून ठेवलेलं नसतं तेव्हा

गंमत म्हणजे खुद्द कूकही याच चाळणीतून गेला होता. १९५० च्या दशकात तो 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल गटाचा लाडका गायक होता. चर्चमध्ये देवाचं गाणाऱ्यानं प्रेमाची गाणी म्हणायची, हे त्या श्रोत्यांना खपणारं नव्हतं. म्हणून १९५६ च्या अखेरीस मुद्रित केलेलं 'लव्हेबल' हे गाणं 'डेल कूक' या नावानं विकलं गेलं. आवाज लपणारा नव्हता, लोकांनी ओळखलाच. पुढच्याच वर्षी 'यू सेंड मी' त्याच्या खऱ्या नावानं आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं.

चर्चच्या बाकांवर बसणाऱ्या त्या बायाबापड्यांनी काही समीक्षा लिहून ठेवली नाही. पण एका गायकाला नाव बदलावंसं वाटलं, ही घटनाच त्यांच्या मताचा पुरावा आहे. छापलेलं मत म्हणजेच मत असं धरलंत, तर लिहिणारे तेवढे दिसतील आणि ज्यांच्या नाराजीची धास्ती होती ते दिसणारच नाहीत. इतिहासात हे फार वेळा होतं. जे बोलले नाहीत त्यांचं मत इतरांच्या वागण्यातून काढावं लागतं.

तारीख पाहिल्याशिवाय मत वाचू नका

आता परत २०१५. डिसेंबर २०१४ मध्ये डीअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' आला होता, मार्च २०१५ मध्ये केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय'. दोन्हींत कृष्णवर्णीय अमेरिकेचा संताप उघड होता. 'कमिंग होम' यायच्या आठवडाभर आधी, १७ जूनला, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसांना गोळ्या घालून मारलं गेलं. अशा दिवसांत एक तरुण कृष्णवर्णीय गायक साठच्या दशकाच्या पेहरावात गोड प्रेमगीतं गातोय. काहींना तो विसावा वाटला. काहींना प्रश्न पडला, की ज्या काळात या गायकाला टेक्ससमध्ये गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसू दिलं नसतं, त्या काळाची हुरहुर नेमकी कुणाला?

हा प्रश्न सुरांचा नव्हता. ब्रिजेसच्या कार्यक्रमांना गोरे श्रोते जास्त यायचे आणि तो स्वतःही याबद्दल मुलाखतींत बोलला आहे. 'अनुकरण' हा शब्द एका श्रोत्याकडून आला तर त्याचा अर्थ 'नवीन काही नाही' एवढाच असेल. दुसऱ्याकडून आला तर 'आमचा भूतकाळ सजवून दुसऱ्यांना विकला' असाही असेल. शब्द मोजणारं सॉफ्टवेअर हा फरक सांगणार नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच अल्बममध्ये 'लिसा सॉयर' हे गाणं आहे, ब्रिजेसच्या आईच्या आयुष्यावरचं. ते लिहिलं तेव्हा आपण कूकला फारसं ऐकलंच नव्हतं, कुणीतरी विचारल्यावर ऐकायला लागलो, असं तो सांगतो. शेवटचं गाणं 'रिव्हर' जवळजवळ गिटार आणि खंजिरीवरच उभं आहे. २०१६ मध्ये त्याचा व्हिडिओ आला तो बॉल्टिमोरचा, आदल्या वर्षीच्या आंदोलनांची आठवण घेऊन. तेच गाणं त्यानंतर ऐकणाऱ्याचं ब्लँक बदललेलं असणार. म्हणून २०१५ ची आणि २०१७ ची मतं एकाच पिशवीत भरू नका.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी. २०१८ च्या 'गुड थिंग' या दुसऱ्या अल्बममध्ये ब्रिजेसनं आवाजाचा बाज आधुनिक केला. आता पहिल्या अल्बमच्या काही चाहत्यांना जुनाच ब्रिजेस हवासा वाटू लागला. 'कमिंग होम'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, पुरस्कार 'ब्लॅक मसाया'नं नेला. ब्रिजेसला ग्रॅमी मिळालं ते २०१९ मध्ये, या आधुनिक अल्बममधल्या एका गाण्यासाठी, आणि विभाग होता 'पारंपरिक' आर अँड बी!

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय सिनेमाचा असो, पाठ्यपुस्तकाचा असो की एखाद्या सरकारी योजनेचा, मतांचा डेटा घेणार असाल तर आधी दहाच मतं घ्या. प्रत्येकापुढे चार रकाने करा: काय पाहिलं किंवा ऐकलं, निवाडा काय, तुलना कशाशी, आणि तारीख. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील, कारण लोक आपलं ब्लँक सांगत नाहीत. तो भरण्यासाठी जे वाचावं लागेल, तोच तुमचा लिटरेचर रिव्ह्यू.

मोजणी जरूर करा, पण या चार रकान्यांनंतर. नाहीतर पंचविशीतल्या एका गायकाच्या पहिल्या कामाबद्दल तुमच्या प्रबंधात 'साडेतीन तारे' एवढंच उरेल. आणि ज्यांना त्या गाण्यांत आपली आई भेटली किंवा आपला अपमान आठवला, ते दोघंही त्या आकड्यात सापडणार नाहीत.